वाचक विचारतात : अधिकारी व्हायचं तर मैदान किती, मेडिकल किती?

या वेळी आलेली बहुतेक पत्रं एकाच विषयावरची आहेत: एनडीए (बारावीनंतर अधिकारी होण्याचा रस्ता), सीडीएस (पदवीनंतरचा), एसएसबी (निवड मंडळाची पाच दिवसांची पारख) आणि त्यानंतरचं मेडिकल. म्हणून हा अख्खा स्तंभ त्यालाच दिला आहे. मी सैन्यात पीटी उस्ताद होतो. आधी रिक्रूट पोरांना घडवलं, नंतर अधिकारी होऊ घातलेल्या कॅडेट्सना पळवलं. निवृत्तीनंतर जुळे सोलापुरात राहतो आणि पहाटे मैदानावर येणाऱ्या मुलामुलींना जमेल तसं शिकवतो. पत्रलेखकांची नावं छापलेली नाहीत, पण ज्याचं त्याला उत्तर कळेल.

प्रश्न : मी बारावी सायन्सला आहे. रोज पहाटे होम मैदानावर भरतीच्या पोरांबरोबर पळतो. 1600 मीटर 5 मिनिटं 10 सेकंदांत मारतो, पुलअप्स चौदा काढतो. एनडीएची लेखी दिली आहे. माझ्याहून हळू पळणारा मित्र एसएसबीत निवडला गेला, आणि आमच्या ग्रुपमध्ये सगळ्यात पुढं असणारा सीनियर पहिल्याच दिवशी परत आला. मला अजून किती टायमिंग कमी करावं लागेल?
— विद्यार्थी, विजापूर रोड

बाळा, एक सेकंदही कमी करायची गरज नाही. तुझा हा वेग धरला तर 2.4 किलोमीटर तू पावणेआठ मिनिटांच्या आसपास संपवशील. यूपीएससीच्या एनडीए जाहिरातीत उमेदवारांना तयारी म्हणून जे सांगितलेलं असायचं ते असं: 2.4 किलोमीटर 15 मिनिटांत, पुशअप्स आणि सिटअप्स किमान 20, चिनअप्स 8, आणि तीन-चार मीटर दोर चढणं. सैन्याच्या तांत्रिक पदवीधर प्रवेशाच्या जाहिरातींत मुलांसाठी हीच धाव 10 मिनिटं 30 सेकंदांत मागतात. तू दोन्हींच्या कितीतरी पुढं आहेस.

घोळ कुठं होतोय ते सांगतो. आपल्या जिल्ह्यात पळणं म्हटलं की पोलीस भरती नाहीतर सैन्य भरती. तिथं घड्याळच न्याय करतं. पोलीस भरतीत 1600 मीटर, 100 मीटर आणि गोळाफेक मिळून 50 गुण असतात, आणि एकेका सेकंदावर पोरं वर-खाली होतात. त्या मैदानावर वाढलेल्या मुलाला वाटतं की अधिकाऱ्याची निवडही अशीच, फक्त टायमिंग जरा कडक. तसं मुळीच नाही. एसएसबीच्या पाच दिवसांत तुला कुणी स्टॉपवॉच लावून 1600 मीटर पळवणार नाही.

गुणांचा हिशेब बघ. लेखी 900 गुणांची: गणित 300, सामान्य क्षमता 600. एसएसबीचे पुन्हा 900. बेरीज 1800, आणि त्यावर गुणवत्ता यादी. त्यात पळण्याला स्वतंत्र गुण नाहीत. एका वेळच्या परीक्षेतून नौदल अकादमी धरून साधारण 400 जागा भरतात. खडकवासल्याच्या एनडीएतल्या 370 जागांमध्ये लष्कराच्या 208, नौदलाच्या 42, हवाई दलाच्या 120. अर्ज लाखांत येतात, लेखीतून काही हजार पुढं जातात, आणि त्या हजारांची खरी चाळणी एसएसबीत होते.

तुझा सीनियर परत आला तो पहिला दिवस म्हणजे स्क्रीनिंग. सकाळी बुद्धिमत्तेच्या दोन चाचण्या होतात. मग पडद्यावर एक धूसर चित्र 30 सेकंद दाखवतात आणि चार मिनिटांत त्यावर गोष्ट लिहायला सांगतात. मग गोल करून बसवतात, प्रत्येकानं आपली गोष्ट सांगायची आणि सगळ्यांनी मिळून एक गोष्ट ठरवायची. बरेचदा निम्म्याहून जास्त मुलं त्याच दुपारी बॅग उचलतात. मी आपल्याकडच्या ज्या मुलांशी बोललो, त्यांतली बहुतेक तिथंच अडकली होती, आणि बहुतेकांचं कारण एकच: तोंड उघडलं नाही. घरी कन्नड नाहीतर तेलुगू, शाळेत मराठी, आणि तिथं समोर दिल्ली-डेहराडूनची पोरं फाडफाड इंग्रजी बोलतायत. आपला पोरगा मनात वाक्य जुळवेपर्यंत चर्चा संपलेली असते. साधं, चुकतमाकत इंग्रजी चालतं रे. गप्प बसलेल्या माणसाला मात्र पारखायचं तरी कसं?

तिसऱ्या-चौथ्या दिवशी मैदान येतं, तेव्हा तुझ्या अंगातली ताकद कामाला येईल. वैयक्तिक अडथळे दहा असतात, वेळ तीन मिनिटं, आणि एक ते दहा असे वाढत्या गुणांचे. कुठला आधी घ्यायचा ते तुझं तू ठरवायचं. इथं दम टिकणारा, उंचीला न घाबरणारा मुलगा चमकतो. पण त्याच्या आधी जे गटाचं काम असतं, त्यात फट्टा (फळी), बल्ली (लाकडी ओंडका) आणि रस्सी एवढंच सामान देतात, रंगवलेल्या भागाला हात लावायचा नाही असे नियम घालतात, आणि सगळ्या गटाला ओझ्यासकट पलीकडं न्यायचं असतं. तिथं जो पहिला उडी मारून पलीकडं जातो आणि कमरेवर हात ठेवून उभा राहतो, त्याच्याकडं परीक्षक फार वेळ बघत नाही. जो मधेच बल्लीवर बसून राहतो, मागच्या घाबरलेल्या पोराचा हात धरतो, आणि "आधी ओझं दे, मग तू ये" म्हणतो, त्याची पेन्सिलनं नोंद होते. कॅडेट्समध्येही मी हेच पाहिलं. क्रॉसकंट्रीत पहिले येणारे सगळेच चांगले अधिकारी झाले नाहीत. मधल्या फळीत पळणारे, स्वतःची लाइन न सोडता शेवटच्याला ओढत आणणारे काहीजण मात्र आजही डोळ्यांपुढं आहेत.

तेव्हा आता असं कर. पळणं आठवड्यातून चार दिवसांवर आण. उरलेल्या दोन पहाटे दोरावर आणि बीमवर घालव. दोर चढताना नुसते हात मारू नकोस. दोर उजव्या पायाच्या बाहेरून घेऊन पावलावरून आडवा येऊ दे, डाव्या पावलानं वरून दाब, मग पाय सरळ करत उभा राहा. हातांनी फक्त पुढची पकड घ्यायची, शरीर पायांनी वर ढकलायचं. चौदा पुलअप्स काढणारा मुलगा हे शिकला नाही तर अर्ध्या दोरावर लटकतो, आणि आठ काढणारा शिकला तर टोकाला हात लावून येतो. संध्याकाळी तुमच्या ग्रुपनं सातरस्त्याच्या चहाच्या गाड्यावर बसून नुसत्या टायमिंगच्या गप्पा मारू नका. रोज पेपरातला एक विषय काढा, प्रत्येकानं तीन मिनिटं उभं राहून बोला, आणि त्यातले दोन दिवस इंग्रजीत. आणि एखादी जबाबदारी खरोखर अंगावर घे. गणपती मंडळाचा हिशेब असो, एनसीसीचा कॅम्प असो, नाहीतर घरातली असो. मुलाखतीत विचारतात तेव्हा सांगायला काहीतरी घडलेलं लागतं.

प्रश्न : मी अकरावीत आहे, मुलगी. मंगळवेढ्याजवळच्या गावातून रोज डांबरी रस्त्यावर सहा किलोमीटर पळते. महिन्यापूर्वी आठ केले. आता उजव्या नडगीत दुखतं, पळायला लागलं की जास्त. घरचे म्हणतात, तेल चोळ. मला एनडीएच करायची आहे. थांबले तर मागं पडेन का?

पोरी, तू आधी थांब. आज, उद्या, आणि डॉक्टर सांगेपर्यंत.

आता एक कर. खाली बस, नडगीच्या हाडाच्या आतल्या कडेवरून अंगठा हळूहळू वरून खाली दाबत ने. वीतभर लांबीत सगळीकडं सारखंच ठणकत असेल, तर बहुधा हाडाला चिकटलेले स्नायू सुजलेत. त्याला विश्रांती आणि हळू सुरुवात पुरते. पण एकाच जागी, एक-दोन बोटांच्या रुंदीत, दाबल्यावर डोळ्यांत पाणी येण्याइतकं दुखत असेल, रात्री झोपेतही दुखत असेल, एका पायावर उडी मारताना कळ येत असेल, तर हाडाला बारीक चीर गेलेली असू शकते. त्याला स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात. ट्रेनिंगमध्ये मी ते पुष्कळ पाहिलं, आणि मुलींमध्ये त्याचं प्रमाण जास्त असतं. सुरुवातीला साध्या एक्स-रेत ते दिसतही नाही. म्हणून सोलापुरात येऊन हाडांच्या डॉक्टरांना दाखव, आणि "मला सैन्यात जायचंय, रोज पळते" हे त्यांना स्पष्ट सांग, म्हणजे ते त्या नजरेनं तपासतील. तेल चोळून चीर सांधत नाही. उलट जोरात चोळलं तर त्रास वाढतो. घरच्यांना हा अंक वाचायला दे.

हे का होतं तेही समजून घे. स्नायू दोन-तीन आठवड्यांत दणकट होतात, हाडाला त्याहून जास्त वेळ लागतो. दम वाढला म्हणून तू सहाचे आठ केलेस, हाड मात्र अजून सहाचीच तयारी करत होतं. वरून डांबर, आणि बूट बहुधा झिजलेले. पुन्हा सुरू करशील तेव्हा शेताच्या कडेची मातीची वाट धर. एक दिवस पळ, एक दिवस नुसतं चाल आणि पोटाचे, पाठीचे व्यायाम कर. आठवड्याला अंतर दहा टक्क्यांच्या वर वाढवू नकोस. बुटांचा तळवा एका बाजूला घासून गुळगुळीत झाला असेल तर नवे घे. फार महागडे नकोत, पण टाचेला गादी हवी.

आणि रक्त तपासून घे. हिमोग्लोबिन कमी असलेल्या मुली माझ्याकडं येतात तेव्हा दोन फेऱ्यांत धापा टाकतात आणि स्वतःला आळशी समजतात. त्यांच्यात आळस नसतो ग, लोह नसतं. ज्वारीची भाकरी, मटकी-हुलग्याची उसळ, मेथी-पालक, शेंगाचटणी, तीळ, गूळ हे सगळं आपल्या घरात असतंच. त्यावर लिंबू पिळ. जेवल्याबरोबर चहा घेऊ नकोस, त्यानं लोह अंगी लागत नाही. दूध, दही, जमत असतील तर अंडी. पाळी दोन-तीन महिने चुकत असेल आणि वजन उतरत असेल, तर तेही डॉक्टरांना सांग, लाजू नकोस. त्याचा थेट संबंध हाडांशी असतो.

मागं पडण्याचं म्हणशील तर तुझ्याजवळ अजून वेळ आहे. एनडीएची वयाची अट साडेसोळा ते साडेएकोणीस, आणि परीक्षा वर्षातून दोनदा. 2021 च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानं मुलींना ही परीक्षा खुली केली, 2022 मध्ये पहिली तुकडी खडकवासल्यात गेली, आणि 30 मे 2025 ला त्यातल्या 17 जणी पदवी घेऊन बाहेर पडल्या. जागा थोड्या आहेत. लष्कराच्या 208 मध्ये मुलींच्या 10. म्हणजे तुझी लढाई मुलांपेक्षा कठीण आहे, हे लपवत नाही. पण ती गणिताच्या 300 गुणांवर जास्त कठीण आहे. हे पाय विश्रांती घेतील ते आठवडे गणितात घाल.

प्रश्न : मी टॉवेल कारखान्यात काम करतो. मुलगा एनडीएसाठी भोपाळच्या एसएसबी बोर्डातून रेकमेंड झाला, म्हणजे निवडला गेला. पण मेडिकलमध्ये नाकाचं हाड वाकडं म्हणून तात्पुरता अनफिट केलाय. एका ओळखीच्या माणसानं सांगितलं की दोन लाख दिले तर अपीलमध्ये काम होतं. पैसे कर्जानं उभे करू का?
— एक वडील, अशोक चौक

भाऊ, आधी मनापासून अभिनंदन. हजारोंमधून तुमचा मुलगा रेकमेंड झाला. कर्नाटक एक्स्प्रेसनं जाऊन, पाच दिवस राहून, छातीवर नंबर लावून त्यानं हे स्वतः कमावलंय. त्याच्यावर कुणाचे दोन लाख लावू नका.

एक रुपयाही देऊ नका. अपील मेडिकल सैन्याच्या ठरलेल्या रुग्णालयात, तज्ज्ञ डॉक्टरांसमोर होतं. तिथं पोरगा फिट असेल तर फुकट फिट होतो आणि नसेल तर पैसे देऊनही होत नाही. हे दलाल काय करतात ते सांगतो. दहा बापांकडून पैसे घेतात. त्यातली चार-पाच मुलं आपल्या तब्येतीनंच फिट होणार असतात. त्यांचे पैसे ठेवतात, "मी केलं" म्हणतात. उरलेल्यांना टोलवत राहतात. त्या माणसाचा फोन आलाच तर सरळ पोलिसांत तक्रार द्या. मुलाच्या हातून मात्र त्याला काही लिहून किंवा पाठवून देऊ नका, कारण त्यात मुलाचंच नाव खराब होईल.

आता कामाचं. तात्पुरता अनफिट म्हणजे दुरुस्त होण्यासारखा दोष. अपील मेडिकलसाठी 42 दिवस मिळतात. हे दिवस वाटतात तितके जास्त नाहीत, म्हणून याच आठवड्यात कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडं जा. बोर्डानं दिलेला कागद बरोबर न्या आणि तीन गोष्टी विचारा: ऑपरेशन खरंच लागेल का, लागलं तर जखम पूर्ण भरायला किती आठवडे, आणि अपीलच्या तारखेला नाकातून दोन्ही बाजूंनी मोकळा श्वास चालेल का. सोलापुरात हे ऑपरेशन होतं, मुंबई-पुण्याला धावायची गरज नाही. सरकारी रुग्णालयातही विचारा. केलं तर डिस्चार्ज कार्ड आणि सगळे रिपोर्ट जपून ठेवा, आणि अपीलला जाताना काही लपवू नका. नाकात अजून खपली आणि सूज असताना मुलगा बोर्डासमोर उभा राहिला तर पुन्हा तेच होईल, म्हणून दिवस मोजून ठरवा.

अपीलमध्येही अनफिट ठरला तर पुढं रिव्ह्यू मेडिकल असतं. पण ते मागितलं की मिळतंच असं नाही, कागद बघून परवानगी देतात. आणि फिट झाला तरी शेवटी गुणवत्ता यादीत जागा लागायला हवी. ही गोष्ट मुलाला आत्ताच सांगून ठेवा, म्हणजे उद्या यादीत नंबर खाली आला तर नाकाला दोष देत बसणार नाही. वय असेल तर पुढच्या परीक्षेचा फॉर्मही भरून टाकू द्या.

बाकी पालकांनाही याच निमित्तानं कळकळीनं सांगतो. नाक, कानातला मळ, दात, मूळव्याध, हायड्रोसील आणि व्हेरिकोसील (अंडकोशात साठलेलं पाणी आणि फुगलेल्या शिरा), वजन या सगळ्या गोष्टी दहावी-अकरावीतच एकदा साध्या डॉक्टरांकडून तपासून घ्या. पोरगं दोन वर्षं पहाटे चारला उठून पळतं, क्लासला पन्नास हजार जातात, आणि पाचशे रुपयांची तपासणी कुणी करत नाही. मग निवड झाल्यावर 42 दिवसांत सगळं घर धावपळ करतं. मला हे बघवत नाही.

प्रश्न : मुलाला उणे तीनचा चष्मा आहे. लेसर करून एनडीएला बसवता येईल का?
— आई, होटगी रोड

ताई, नाही. एनडीएतून लष्करासाठी जवळच्या दृष्टिदोषाची मर्यादा उणे अडीचच्या आत आहे, आणि त्या वयात केलेलं लेसर चालत नाही. वैमानिकासाठी तर उणे नंबर मुळीच चालत नाही. पदवीनंतर सीडीएसमधून लष्करात जायचं तर लेसर चालतं, पण ऑपरेशनच्या वेळी वय 20 च्या वर हवं, त्याला किमान वर्ष झालेलं हवं, आणि बुबुळाची जाडी, डोळ्याची लांबी यांची मापं बसायला हवीत. म्हणून आत्ता घाईनं लेसर केलंत तर पुढचाही दरवाजा बंद होईल. त्याला पदवी करू द्या, एनसीसीत घाला. नंबर स्थिर झाल्यावर बघू.

प्रश्न : उंची 156 सेंटिमीटर, वय 17. शिवाय सगळे म्हणतात माझे तळवे सपाट आहेत. फॉर्म भरू की नको?
— विद्यार्थी, मोहोळ

भर. मुलांसाठी किमान उंची 157 सेंटिमीटर आहे, पण अठराच्या आतल्या मुलांना वाढीसाठी दोन सेंटिमीटरची सूट मिळते. तू त्यात बसतोस. फक्त वैमानिक व्हायचं असेल तर 162.5 लागते, म्हणून तो पर्याय भरू नकोस.

तळव्यांचं घरीच बघ. पाय ओला करून शहाबादी फरशीवर सरळ उभा राहा आणि बाजूला हो. काळ्या फरशीवर ठसा स्वच्छ उमटतो. पावलाच्या आतल्या बाजूला कोरडी कमान राहिली असेल तर काही प्रश्नच नाही. अख्खं पाऊल उमटलं असेल तर आता टाचा उचलून चवड्यांवर उभा राहा आणि भावाला मागून बघायला सांग. चवड्यांवर गेल्यावर कमान वर येत असेल, पाऊल लवचिक असेल, दुखल्याशिवाय दोरीवरच्या उड्या मारता येत असतील, तर असा सपाट तळवा सहसा आड येत नाही. चवड्यांवरही कमान येत नसेल, पाऊल लाकडासारखं कडक असेल, तर मात्र हाडांच्या डॉक्टरांना दाखव. सगळे म्हणतात म्हणून काही सोडायचं नाही.

प्रश्न : गड्ड्याच्या जत्रेत दंडावर नाव गोंदवून घेतलं. आता मित्र म्हणतात तू बाद. खरं का?
— विद्यार्थी, नई जिंदगी परिसर

अडचण आहे. हाताच्या आतल्या बाजूला, कोपरापासून मनगटापर्यंत, आणि पंजाच्या पाठीवर गोंदलेलं चालतं. दंडावरचं त्यात येत नाही. आदिवासी समाजातल्या रूढीच्या गोंदणाला वेगळा नियम आहे, पण तुझं तसं नाही. त्वचेच्या डॉक्टरांकडून लेसरनं काढता येतं. बऱ्याच बैठका लागतात आणि मधे महिन्या-दीड महिन्याचं अंतर ठेवावं लागतं, म्हणून आत्ताच सुरू कर. आणि बाकीच्यांनो, येत्या संक्रांतीला होम मैदानावर मशीन घेऊन बसलेल्या माणसासमोर हात पुढं करण्याआधी हे आठवा.

प्रश्न : मी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे, एनसीसीचं 'सी' सर्टिफिकेट आहे, 'बी' ग्रेड. उंची 158, वजन 68. मुलींना आता कुठला रस्ता? पुण्याच्या क्लासची फी झेपणारी नाही.
— विद्यार्थिनी, अक्कलकोट रोड

तुझ्या हातात मोठी गोष्ट आहे आणि तुला तिची किंमत कळलेली दिसत नाही. एनसीसी विशेष प्रवेशात लेखी परीक्षाच नसते. 'सी' सर्टिफिकेट किमान 'बी' ग्रेडचं आणि पदवीला 50 टक्के असले की अर्ज छाननीनंतर थेट एसएसबीला बोलावतात. शेवटच्या वर्षाच्या मुलींनाही अर्ज करता येतो. मुलींच्या जागा अगदी मोजक्या असतात, म्हणून त्याच्याबरोबर सीडीएसही दे. त्यातून महिलांना चेन्नईच्या ओटीएचा, म्हणजे अधिकारी प्रशिक्षण अकादमीचा, मार्ग आहे. प्रशिक्षण 49 आठवड्यांचं.

क्लासच्या फीचं ऐक. नाशिक रोडला राज्य सरकारचं छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र आहे. तिथं एसएसबीची तयारी करून घेतात, राहणं-जेवण-शिकवणं सगळं मोफत. लेखी पास झालेले, किंवा एनसीसीचं 'सी' सर्टिफिकेट 'ए' अथवा 'बी' ग्रेडमध्ये असून एनसीसीच्या ग्रुप मुख्यालयानं एसएसबीसाठी शिफारस केलेले उमेदवार घेतात. सोलापूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन पुढच्या तुकडीची मुलाखत कधी आहे ते विचार. मी दर वर्षी मुलांना हे सांगतो आणि दर वर्षी निम्मी पोरं म्हणतात, "असं काही असतं हे माहीतच नव्हतं." महागड्या क्लासच्या पाट्या स्टेशनपासून सातरस्त्यापर्यंत दिसतात, याची पाटी कुठं दिसत नाही, एवढंच कारण.

आता वजन. तुझा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, 27 च्या वर जातो. 25 च्या वर असला की मेडिकलमध्ये हमखास तात्पुरतं अनफिट करतात. तू आधी 60 च्या आत ये, मग वयाप्रमाणे उंची-वजनाचा तक्ता बघून आणखी किती उतरवायचं ते ठरव. आठ-नऊ किलो चार महिन्यांत उतरतात, आठवड्याला अर्धा किलोच्या हिशेबानं. उपाशी राहून उतरवू नकोस, वर मंगळवेढ्याच्या मुलीला लिहिलंय ते तूही वाच. पहिले दोन महिने नुसतं भरभर चाल, संभाजी तलावाकाठी नाहीतर कुमठा नाक्याच्या क्रीडा संकुलावर, रोज पन्नास मिनिटं, आणि एक दिवसाआड पुशअप्स-सिटअप्स. पुशअप्स जमत नसतील तर भिंतीला टेकून, मग पायरीवर, मग जमिनीवर. 64 किलोवर आलीस की पळायला सुरुवात कर. आधीच पळालीस तर गुडघे बोलतील. मार्चनंतर सोलापूरच्या उन्हात सकाळी साडेसहाच्या पुढं मैदानावर राहू नकोस, आणि निघण्याआधी लिंबू-मीठ-साखरेचं पाणी घे.

सैन्याच्या थेट प्रवेशाच्या जाहिरातींत मुलींकडून प्रशिक्षणाआधी जी तयारी मागतात ती अशी: 2.4 किलोमीटर 13 मिनिटांत, पुशअप्स 15, सिटअप्स 25, पुलअप्स 2. यातले दोन पुलअप्स मुलींना सगळ्यात जड जातात, कारण शाळेपासून त्यांना कुणी बारला लटकूच दिलेलं नसतं. म्हणून आजपासून रोज फक्त लटक. वीस सेकंद, मग तीस, मग चाळीस. नंतर स्टुलावर चढून हनुवटी बारच्या वर ने आणि मोजत मोजत हळू खाली ये. तिसऱ्या महिन्यात पहिला पुलअप निघतो. घराजवळ बार नसेल तर रविवारी पहाटे जुळे सोलापूरच्या मैदानावर ये. तिथं आणखी काही मुली येतात, त्यांच्यात मिसळून जाशील. येताना एनसीसीचं सर्टिफिकेट आणि तिन्ही वर्षांच्या मार्कलिस्ट घेऊन ये, सैनिक कल्याण कार्यालयाचा अर्ज तिथंच बसून भरू.

— निवृत्त सुभेदार, जुळे सोलापूर